पाचव्या गड्याची जागा

आमच्या गावच्या तिरंदाजीच्या निशाणावर जो कागद चिकटवायचे तो माझ्या वडिलांच्या छापखान्यातून यायचा. वडील चिंचवडच्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवत. शाई फुटलेली, ओळ वाकडी गेलेली, एखादा काना गळालेली पत्रकं मालक फेकून द्यायचा आणि वडील ती सायकलला बांधून घरी आणायचे. काहींत भाकरी गुंडाळली जाई. काहींच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, आणि पुढे छापील बाजू वाचायला लागलो. सभांची आमंत्रणं, संपाच्या हाका, नाटकाच्या जाहिराती, केसांच्या तेलाचे गुण. सगळं एकाच आवेशात लिहिलेलं असे. उरलेली पत्रकं दसऱ्याच्या आधी गव्हाच्या खळीनं उसाच्या पाचटाच्या गोल भाऱ्यावर बसायची, मधोमध कावेनं तांबडं वर्तुळ काढलं जायचं, आणि आसपासच्या गावांतले गडी साठ पावलांवरून 'कामगार बंधूंनो, जागे व्हा' यावर तीर मारत.

मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, आमचे शब्द कोणाच्या तरी नजरेसमोर इतका वेळ टिकतात याचं बरंच वाटे. आज त्या सगळ्याबद्दल लिहायला बसलो आहे तर हात जड होतो. माझं वय काही थकायचं नाही. तरी थकवा आहे, आणि तो सभांना सायकलीवरून हिंडण्याचा नाही.

आमचं गाव पवनेच्या काठी, रहाटणी नि वाकडच्या अधेमधे. दसऱ्याला शीव ओलांडून सोनं लुटायचं, मग पलीकडच्या गायरानावर तिरंदाजीचे सामने, हा आमच्याकडचा रिवाज. पूर्वी तो नुसता हौसेचा मामला होता. ज्याला वाटेल त्याने तीर मारावा, नेम लागला तर आरोळी ठोकावी, चुकला तर शिव्या खाव्यात. तालमीच्या वस्तादांनी त्याला शिस्त लावली. प्रत्येक गावाची पाच गड्यांची फळी, प्रत्येक गड्याला पाच तीर, तांबड्यात लागला तर तीन गुण, कागदावर लागला तर एक, पाचटात गेला तर शून्य. पाच गावं यायची. जिंकणाऱ्या गावाला काही बक्षीस नसे. जिंकलेल्या फळीला हरलेल्या चार गावांनी खांद्यावर घेऊन नदीपर्यंत न्यायचं, एवढंच. पण त्यावरून वर्षभर टोमणे चालायचे.

पाचही गावांचे तिरकमठे एकच माणूस करायचा. तो कातकरी होता. गावात सगळे त्याला 'ए कातकऱ्या' म्हणत. मी दादा म्हणे, आणि अहोजाहो करी. त्याचा त्यांना भारी संकोच वाटायचा. "कागुदवाले भाऊ, मला असं बोलू नगा," ते म्हणत, "मागं कोन हुबं हाय का म्हनून मी वळून बघतो." पत्रकांमुळे माझं नाव कागदवाले पडलं होतं.

दादांचं कुटुंब पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या ओढ्याकाठी राहायचं. दिवाळी झाली की मुकादम यायचा आणि त्यांना माण गावाच्या पलीकडे, डोंगरात, कोळशाच्या भट्ट्यांवर घेऊन जायचा. जेठात ते परत येत, तेव्हा त्यांच्या डोक्यावर धुरात काळपटलेल्या बांबूच्या मोळ्या असत. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, चांदण्यातला तोडला तर त्याला भुंगा लागतो. मग चार महिने तो चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचा. पावसाच्या दिवसांत झोपडीच्या दाराशी बसून दादा कोयत्याने एकेक कमठा तासत, गुडघ्यावर वाकवून बघत, पुन्हा तासत. दोरी अंबाडीच्या वाखाची. तिराला गिधाडाचं पीस. कोणाचा हात किती लांब, कोण डावखुरा, कोणाच्या खांद्यात कधी लचक भरली होती, हे त्यांना पाचही गावांतल्या पंचवीस गड्यांचं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः मात्र सामन्यात कधी तीर मारला नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

कमठा तयार झाला की ते तपासायला एक तीर सोडत. नेम धरल्यासारखं काही दिसायचं नाही. बोलता बोलता हात वर जाई, आणि समोरच्या बाभळीत, मनात असेल त्या गाठीत, तीर उभा. वस्ताद एकदा ते बघून म्हणाले होते, "ह्यो गडी फळीत आला तर आपल्याला नदीपर्यंत चालायला नको, वर्षानुवर्षं खांद्यावरच जाऊ."

नियमांचं काम माझ्याकडे आलं ते मी भांडखोर होतो म्हणून. एका दसऱ्याला पलीकडच्या काठच्या गावाने छावणीतला एक फौजी आणून उभा केला. त्याचा त्या गावाशी संबंध एवढाच की त्याचा मित्र त्या गावचा जावई होता. त्याने पंचवीस तिरांपैकी आठ तांबडे मिळवून दिले, पाच आपल्या तिरांनी आणि तीन इतरांना सांगितलेल्या शहाणपणाने, असं त्या गावचे लोक नंतर चवीने सांगत. मी चवताळलो. गावाचा खेळ हा गावाच्या माणसांचा. बाहेरचा पैलवान भाड्याने आणायचा तर मग गिरणीमालकाने बाहेरचे मजूर आणून संप फोडला तर आपण का ओरडतो? असं मी तालमीत उभा राहून म्हणालो. वस्तादांना गिरणी आणि संप यातलं फारसं कळलं नाही, पण ते म्हणाले, "मग लिही की राव कागदावर. लिहायला तूच हायस."

मी लिहिलं. गावचा माणूस कोण, हे कसं ठरवायचं? पाटलाला विचारून? मग पाटलाची मर्जी. जातीवरून, शेतावरून? ते तर मी जन्मात लिहिणार नव्हतो. पहिल्या मोठ्या निवडणुकीला दोनेक वर्षं झाली होती. मतदारयाद्या चावडीवर टांगलेल्या होत्या. त्या याद्यांवर माझं प्रेम होतं, हे आज हसण्यासारखं वाटेल, पण होतं. इनामदार आणि त्याचा सालगडी एकामागोमाग एक, एकाच मापाच्या अक्षरात. मी लिहिलं, स्पर्धकाचं नाव त्या गावच्या मतदारयादीत असलं पाहिजे. इतकं स्वच्छ, इतकं समतेचं कलम मला दुसरं सुचलं नसतं.

वडिलांनी ते रात्री जेवणाआधी जुळवायला घेतलं. घरच्या कामासाठी मालक त्यांना खिळ्यांची एक पेटी आणू द्यायचा. पट्टीत ओळ भरता भरता ते म्हणाले, "इथं ओळ कमी पडतेय. एखादा शब्द घाल, नाहीतर मधे पोकळ दिसेल."

मी क्षणभरही विचार केला नाही. "छापील मतदारयादीत करा," म्हटलं. उगाच कोणी हाताने नाव खरडून आणायला नको.

"बरं," वडील म्हणाले, आणि ओळ भरली.

पाच गावांनी नियम मान्य केले. फौजीवाल्या गावाने कुरकुर केली, पण मी त्यांच्या नाकासमोर कागद नाचवला आणि ते गप्प बसले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या फळीतला सगळ्यात नेमका गडी पिंपरीकडे नव्या उभ्या राहणाऱ्या कारखान्यात लागला. बॉयलरवर. दसऱ्याला सुटी मिळते का विचारलं, तर म्हणाला, "बॉयलरला कसला दसरा! फुलं वाहायची आन् कोळसा घालायचा." त्याची पाळी दुपारची होती. फळीत चार उरले. पाचवा कोण, यावर चावडीपुढे बसून खल चालला होता, तेव्हा दादा दोन नवे कमठे द्यायला आले आणि निघून न जाता तिथेच उभे राहिले.

"मी मारू का?" ते म्हणाले.

कोणीतरी हसलं. वस्ताद हसले नाहीत. सरपंच पान जुळवत बसले होते. ते म्हणाले, "मारशील की. पन तुला काय पायजे त्ये आदी बोल. कातकरी फुकट तीर मारंल व्हय?"

दादांनी सांगितलं ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. "वड्याकाठची जागा पायजे. झोपडीपुरती. आमी भट्टीवर गेलो की मागनं कोनी मेढी उपटून नेतं, कोनी चुलीत घालतं. दरसाल नवी झोपडी. नातीचा पाय औंदा भट्टीत भाजला. सून म्हनती, आता न्हाई जायची म्या. जागा आमची हाय म्हनून गावानं बोललं, तर आमी हितंच ऱ्हाऊ. बांबूचं काम हाय, शेतावरचं हाय."

सरपंचांनी पान तोंडात घातलं. भरपूर गायरान होतं, ओढ्याकाठची ती पट्टी कोणाच्या उपयोगाची नव्हती. "फळी जिंकू दे," ते म्हणाले. "सारं गाव तुला खांद्यावर न्हेऊन तितंच उतरवंल. माजा शब्द हाय."

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. मी घरी गेलो तो जवळजवळ नाचत. एका माणसाला त्याच्या हुनराच्या जोरावर घर मिळतंय, मी वाचलेल्या पत्रकांत असंच काहीतरी घडायचं. फळीच्या यादीवर दादांचं नाव मीच लिहिलं. मग सामन्यांचा सचिवही मीच असल्याने नियमाप्रमाणे पडताळणी करायला चावडीवर गेलो आणि मतदारयादी उघडली.

दादा त्यात नव्हते. त्यांची बायको नव्हती, मुलगा नव्हता, सून नव्हती. ओढ्याकाठचं एकही माणूस नव्हतं. यादी करायला माणसं आली ती थंडीत. थंडीत ते सगळे भट्ट्यांवर होते.

मी यादी दोनदा वाचली. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. त्यात आमच्या आळीतले एक म्हातारबा होते, जे यादी छापून येईपर्यंत वारले होते.

वस्तादांना सांगितलं तर त्यांनी फार विचार केला नाही. "मेलेला हाय ना यादीत? झालं तर. त्याच्या नावानं ह्याला हुबा कर. वाकडकर काय त्याच्या बापाला ओळखतात?"

"वस्ताद, हे खोटं आहे."

"आरं खोटं कसं? नाव छापील हाय, मानूस जिता हाय. दोगं मिळून एक गडी व्हतोय."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो की फौजीला ज्या नियमाने काढला तोच आपण पहिल्या अडचणीत मोडला, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? मी आणखीही बरंच बोललो. वस्ताद ऐकत होते आणि त्यांचे डोळे हळूहळू दुसरीकडे गेले.

संध्याकाळी दादा स्वतः आले. आमच्या उंबऱ्याच्या बाहेर बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. "वस्ताद बोलले," ते म्हणाले. "मला चालंल. नाव काय, कोन बी कायबी हाक मारतं. एक दिस त्या म्हाताऱ्याच्या नावानं हुबा ऱ्हायलो, तर त्यो काय उठून भांडाय येनार हाय?"

मी त्यांना समजावलं. त्यांनी स्वतःच्या नावानेच उभं राहिलं पाहिजे, त्यांना चोरून आत घेणं हा त्यांचाच अपमान आहे, मी सगळ्या गावांपुढे मांडीन, नियम बदलून घेईन, उघड्या दाराने आत नेईन. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्ये ऐकतील?"

"का नाही ऐकणार? न्यायाची गोष्ट आहे."

ते उठले, गुडघे झाडले. "बगा," म्हणाले. "तुमी लिव्हलंय, तुमास्नी ठावं."

मी तलाठ्याकडे गेलो. भला माणूस होता. दादा बारा वर्षं या गावी येऊन राहतात असं त्याने लिहून दिलं, त्यावर सरपंचांची सही, वस्तादांचा अंगठा. दसऱ्याच्या सकाळी पाच गावांचे कप्तान गायरानावर जमले तेव्हा मी तो कागद पुढे केला आणि बोललो. चांगलं बोललो. वाकडचा कप्तान मान डोलवत होता. रहाटणीचा म्हणाला, कमठे तर त्यानेच केलेत, मारू दे की एक वर्ष.

फौजीवाल्या गावच्या कप्तानाने खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच होता. घड्यांवर मळून फाटायला आला होता, पण जपून ठेवला होता.

"गेल्या साली ह्यो कागुद आमच्या नाकाम्होरं नाचवला व्हता," तो म्हणाला. "आता वाच की राव. मोठ्यानं वाच, मला चष्मा न्हाई."

मी वाचलं.

"छापील म्हनलंय का न्हाई?"

"म्हटलंय."

"तुज्या हातात हाय त्ये छापील हाय?"

मी म्हणालो, तो शब्द ओळ भरायला घातला होता. त्यावर सगळे इतके हसले की वाकडच्या कप्तानालासुद्धा हसू आवरलं नाही. "भावा," फौजीवाला डोळे पुसत म्हणाला, "आमचा गडी तू वळ भराय काडला व्हय?"

मग दादांच्या बाजूने बोलायला कोणीच उरलं नाही. नियम बदलायचा तर पुढच्या सालापासून, असं ठरलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणा, वाकडकरांनी सुचवलं की मानाचा पहिला तीर, जो दरसाल आमचे सरपंच मारत, तो यंदा दादांनी मारावा. मी धावत दादांकडे गेलो. ते आपट्याची पानं घेऊन आलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या पायावरची भाजल्याची कातडी अजून गुलाबी होती.

"मोजनार का त्यो तीर?" दादांनी विचारलं.

"नाही. मानाचा असतो."

"मग नगं."

पहिला तीर सरपंचांनीच मारला. तो पाचटातही लागला नाही. आमच्या फळीत पाचवे वस्ताद उभे राहिले, साठीच्या पुढचे. त्यांचा पहिला तीर तांबड्यात गेला आणि आम्ही नरडी फाटेस्तोवर ओरडलो. उरलेल्या चारांपैकी दोन कागदावर, दोन गवतात. दादा दिवसभर रेषेमागे बसून दोऱ्या बघत होते. वाकडच्या एका गड्याची दोरी ऐन वेळी तुटली, तेव्हा त्यांनी आपल्या कमरेची नवी दोरी काढून त्याच्या कमठ्याला लावून दिली, ओढून बघितली, आणि परत केली. त्या गड्याने पुढचे तीन तीर तांबड्यात घातले. वाकडची फळी आमच्यापेक्षा दोन गुणांनी जिंकली.

रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन नदीपर्यंत नेलं. माझ्या खांद्यावर तोच गडी होता, दोरी तुटलेला. भारी वजनदार. वाटेत सरपंच मला म्हणाले, "फळी जिंकली असती, तर म्या शब्द पाळला असता, बरं का." ते खरंच होतं, असं मला वाटतं. त्यामुळेच त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.

दिवाळीनंतर मुकादम आला. सून जात नव्हती म्हणे, पण गेली. पुढच्या जेठात मी ओढ्याकाठी दोन-तीनदा जाऊन आलो. झोपडीच्या मेढी कोणीतरी नेल्या होत्या, चुलीचे तीन दगड होते. ते लोक आलेच नाहीत. त्या दसऱ्याला जुन्याच कमठ्यांवर सामने झाले, दोन कमठे ओढताना मोडले. पुढच्या साली तीनच गावं आली. आता गडी पाळीवर असतात, आणि गायरानात मोजणीच्या खुंट्या आल्या आहेत. नियम आम्ही बदलला. 'छापील' शब्द काढला. तिथे ओळ पोकळ दिसते, पण वडिलांनी ती तशीच छापली.

मग दुसऱ्या निवडणुकीसाठी याद्या दुरुस्त करायचं काम निघालं. मी अर्जाचा कोरा कागद मागून घेतला आणि एका रविवारी माणवरून पुढे डोंगरात चालत गेलो. तिसऱ्या भट्टीवर दादा सापडले. मातीने लिंपलेल्या ढिगातून धूर निघत होता, ते काठीने भोकं बुजवत होते. डोळे लाल, सतत पाणी गळणारे. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"कागुदवाले भाऊ! हितं कुटं?"

मी कागद काढला, समजावून सांगितलं. नाव, वय, घर क्रमांक.

"कुटलं घर लिव्हनार?"

मी ओढ्याकाठ म्हणालो. तिथे घर नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. भट्टीही दर महिन्याला पुढे सरकत होती.

"यादीत आलं तर जागा मिळती का?"

"नाही. मत देता येतं."

त्यांनी मान डोलवली. सुनेने भाकरी आणि सुकटीचं कालवण आणून दिलं, ते मी खाल्लं. नात दूरवर लाकडं ओढत होती, जरा लंगडत. दादांनी पुन्हा एक भोक बुजवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यो तुमच्या आळीतला म्हातारबा, मेलेला. त्याचं नाव अजून हाय का वो यादीत?"

इकडे येण्याआधी मी नव्या यादीचा कच्चा खर्डा चावडीवर पाहिला होता.

"आहे," म्हटलं.

दादा हसले, अगदी मनापासून, आणि हसता हसता त्यांना धुराचा ठसका लागला. तो थांबेपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मग कोरा कागद खिशात परत ठेवला आणि उजेड आहे तोवर उतरायला लागलो.